प्रॉपर्टी घेताय? विकायची वेळ कोण ठरवणार ते आधी बघा

ओळखीतल्या कोणी प्रॉपर्टीत पैसे टाकायचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न हमखास एकच, आत्ता घ्यावं का थांबावं? भाव अजून पडतील का, का हाच तळ? मला याचं उत्तर येत नाही, आणि जे छातीठोकपणे देतात त्यातल्या बऱ्याच जणांना त्या सौद्यात कमिशन मिळणार असतं हेही एव्हाना कळलंय. मी उलट विचारतो, समजा एकाच वर्षात भाव २५ टक्के खाली आले, भाडेकरू सोडून गेला आणि तुझी स्वतःची कमाईही थांबली, तर ती जागा ठेवायची का विकायची हे तू ठरवणार का बँक ठरवणार? यावर बहुतेक जण म्हणतात की असं सगळं एकदम थोडंच होतं. अहो, एकदमच होतं, कारण तिन्हीचं मूळ एकच असतं. त्या भागातल्या नोकऱ्या गेल्या की भाडेकरूही जातो, जागेचं गिऱ्हाईकही जातं आणि तुम्ही त्याच भागात कमावत असाल तर तुमचा पगारही जातो.

अमेरिकेत घरांचे भाव २००६ च्या शिखरापासून २०१२ पर्यंत देशभराच्या सरासरीत २७ टक्क्यांच्या आसपास पडले. आणि सरासरी ही पण काय चीज आहे बघा, लास वेगासमध्ये तीच पडझड साधारण ६० टक्के होती आणि डॅलसमध्ये जेमतेम दहाच्या घरात, म्हणजे "मार्केट पडलं" या दोन शब्दांत दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी दडलेल्या होत्या. पुढे २०१६ च्या अखेरीस सरासरी परत जुन्या शिखरावर पोचली. म्हणजे ज्यांना दहा वर्षं हप्ते भरत आणि भाडं घेत बसता आलं त्यांचं कागदावरचं नुकसान कागदावरच राहिलं, आणि ज्यांचं घर २०१० मध्ये बँकेने ओढून नेलं त्यांच्यासाठी नंतरची तेजी असून नसल्यासारखी. जागा तीच, भाव तोच, फरक फक्त कोणाला तग धरता आला एवढाच. माझ्या मते प्रॉपर्टीतली सगळी स्ट्रॅटेजी शेवटी इथे येऊन थांबते, आपल्यावर विकायची सक्ती होऊ द्यायची नाही.

आता लगेच कोणी म्हणेल, म्हणजे धरून ठेवलं की झालं. तसंही नाही. जपानमध्ये १९९१ नंतर सहा मोठ्या शहरांतल्या व्यापारी जमिनीची तीन चतुर्थांशापेक्षा जास्त किंमत उडाली आणि धरून बसलेले नुसते म्हातारे झाले. धरून ठेवण्यात अर्थ तेव्हाच असतो जेव्हा ती जागा धरून ठेवण्याचे पैसे तुम्हाला मिळत असतात, म्हणजे भाडं येत असतं. ॲमस्टरडॅममधल्या हेरेनग्राख्ट या कालव्याकाठच्या घरांचे १६२८ ते १९७३ असे साडेतीनशे वर्षांचे भाव पीट आइखहोल्ट्झ या अभ्यासकाने मांडलेत, महागाई वजा केल्यावर एवढ्या सगळ्या काळात किंमत साधारण दुप्पट झाली. दुप्पट! साडेतीनशे वर्षांत! आणि दुसरीकडे १८७० पासूनची १६ देशांची आकडेवारी घेऊन केलेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला, त्यात घरांचा एकूण परतावा महागाई वजा जाता वर्षाला सातेक टक्के निघतो, शेअर्सच्या तोडीचा. हे दोन्ही खरं कसं, तर त्या दुसऱ्या हिशोबात भाडं धरलंय. मोठा वाटा भाड्याचा, किमतीतली वाढ त्यामानाने लहान. म्हणून "जागेचे भाव कधी पडत नाहीत" असं म्हणणाऱ्या माणसाला मी आधी विचारतो की भाडं किती येतं ते सांग.

आणि भाडं म्हणजे जाहिरातीत लिहिलेलं नाही, हातात उरलेलं. इथेच सगळं घोडं पेंड खातं. साधा हिशोब करू, कुठल्याही चलनात लावा. जागेची किंमत १००, वर्षाचं भाडं ५. एजंट म्हणतो पाच टक्के परतावा. आता खरेदीचा कर, नोंदणी, वकील, दलाली, सुरुवातीची रंगरंगोटी हे सगळं मिळून समजा ७ गेले, म्हणजे तुमचे लागले १०७. भाडेकरू बदलताना वर्षात सरासरी एक महिना जागा रिकामी राहते असं धरा, ५ चे झाले ४.५८. जागा सांभाळणाऱ्याला साधारण दहावा हिस्सा, गेले ०.४५. दुरुस्ती आणि मोठ्या कामांसाठी किमतीच्या एक टक्का बाजूला काढा, गेला १. कर, विमा, सोसायटीचा खर्च वगैरे मिळून समजा ०.४५. उरले २.६८, आणि ते १०७ वर, म्हणजे अडीच टक्के. पाचाचे अडीच. हे आकडे मी काही फार कडू धरलेले नाहीत, अमेरिकेतले जुने गुंतवणूकदारसुद्धा ढोबळ नियम म्हणून भाड्याचा अर्धा हिस्सा खर्चात जातो असंच धरतात, आणि तो सुद्धा कर्जाचा हप्ता सोडून.

दुरुस्तीच्या त्या एका टक्क्यावर लोक सगळ्यात जास्त भांडतात, की आमची जागा नवीन आहे, आम्हाला काहीच खर्च नाही. नव्याचे नऊ दिवस हो. छप्पर, लिफ्ट, पाण्याच्या लाइनी, वायरिंग, गिलावा, या सगळ्यांना वय असतं आणि ते एकदम संपतं, दहा वर्षं काहीच खर्च येत नाही आणि अकराव्या वर्षी तीन वर्षांचं भाडं एका झटक्यात जातं. पैसे वर्षाला बाजूला काढले नाहीत तर तो खर्च गेला नाही असं होत नाही, फक्त तो चुकीच्या वेळी समोर उभा राहतो.

आता यावर कर्ज चढवा. स्वतःचे २०, बँकेचे ८०. भाव दहा टक्के वाढला तर २० वर १० मिळाले, पन्नास टक्के नफा, हे उदाहरण प्रत्येक सेमिनारमध्ये असतं आणि खरंही आहे. पण दहा टक्के पडला तर तुमचे अर्धे गेले आणि वीस टक्के पडला तर सगळे, ही पुढची स्लाइड काही मी अजून बघितली नाहीये. शिवाय आपलं वरचं उदाहरण घ्या, हातात येतात २.६८ आणि ८० च्या कर्जावर ७ टक्क्यांनी व्याज होतं ५.६. म्हणजे दरवर्षी जवळपास ३ ची पदरमोड, मुद्दल फेडायचं ते वेगळंच. निव्वळ परतावा कर्जाच्या व्याजापेक्षा कमी असेल तर जास्त कर्ज घेऊन नफा वाढत नाही, रोजचा तोटा वाढतो, आणि तुम्ही भाड्याचा धंदा करत नसून फक्त भाववाढीवर पैज लावलेली असते. पैज लावायची तर लावा, माझं काही म्हणणं नाही, पण मग ती किती वर्षं खिशातून पोसता येईल हे आधी लिहून ठेवा.

आणखी एक, हप्ते भरले की "घर आपलं होत जातं" हे ऐकायला बरं वाटतं पण सुरुवातीला फार हळू होतं. ७ टक्क्यांच्या तीस वर्षांच्या कर्जात पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला तरी मुद्दल सहा टक्क्यांनीसुद्धा कमी झालेलं नसतं, उरलेलं सगळं व्याजात. चार-पाच वर्षांत विकायचा प्लॅन असेल तर मुद्दल फिटण्याचा फायदा हिशोबात धरूच नका.

व्याज स्थिर आहे का बदलतं, याला मी जागेइतकंच महत्त्व देतो. अमेरिकेत तीस वर्षं एकच दर ठेवणारं कर्ज सर्रास मिळतं, पण बऱ्याच देशांत दर दोन-पाच वर्षांनी किंवा कधीही बदलतो. २०२१ मध्ये अमेरिकेत घरकर्ज ३ टक्क्यांच्या आसपास होतं आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ते ८ च्या जवळ पोचलं, दोन अडीच वर्षांत. ज्यांचा दर ३ ला बांधलेला होता ते निवांत झोपले. बदलत्या दरावर तीस वर्षांचं कर्ज ३ वरून ७ वर गेलं तर हप्ता जवळपास ५८ टक्के वाढतो, भाडं तेवढं वाढवायला भाडेकरू तयार होईल का ते तुम्हीच सांगा. म्हणून कर्ज घेतानाच दर ३ टक्क्यांनी वर धरून हप्ता काढून बघायचा आणि तो सहा महिने बिनभाड्याचा भरता येईल एवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची. ती रक्कम दुसऱ्या जागेच्या टोकनसाठी वापरायचा मोह सगळ्यांना होतो. तिला हात लावायचा नाही, बास.

आता प्रकारांबद्दल. जुनं घर घ्या, नीट करा, पटकन विका, हा प्रकार व्हिडिओत फार छान दिसतो. अमेरिकेतली झिलो ही कंपनी, जिच्याकडे घरांच्या भावांचा डेटा किती तरी जास्त, तिने कॉम्प्युटरच्या अंदाजावर घरं घ्यायला आणि विकायला सुरुवात केली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो धंदाच गुंडाळला, घरं महाग घेतली गेली होती आणि जवळपास पाव कर्मचारी काढायची वेळ आली. यातून एवढंच घ्यायचं की या प्रकारात नफा खरेदीच्या दिवशीच ठरतो. विकताना काय भाव मिळेल तो आकडा आधी, त्यातून विकायचा खर्च, दुरुस्ती, सगळ्या महिन्यांचं व्याज आणि आपला नफा वजा, उरलं त्याच्यावर एक पैसा द्यायचा नाही, मालकाला परवडत नसेल तर नमस्कार. दुरुस्तीचा अंदाज मी नेहमी दीडपट आणि वेळ दुप्पट धरतो, तरी कधी कधी कमी पडतो.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत बुकिंग म्हणजे खरं तर बिल्डरला दिलेलं कर्ज आहे, फक्त व्याजाऐवजी सवलत मिळते. चीनमधल्या एव्हरग्रांड या मोठ्या बिल्डर कंपनीचं काय झालं आठवा, २०२१ मध्ये कंपनी देणी चुकवू लागली, २०२२ मध्ये चीनमध्ये अनेक शहरांत लोकांनी अर्धवट इमारतींच्या घरांचे हप्ते भरणार नाही असं जाहीर केलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या कोर्टाने कंपनी बंद करून मालमत्ता विकायचा आदेश दिला. आयर्लंडमध्ये २०१० च्या सरकारी पाहणीत अर्धवट राहिलेल्या अडीच हजारांहून जास्त वसाहती सापडल्या होत्या. म्हणून सँपल फ्लॅट सोडा, बिल्डरचे आधीचे तीन प्रोजेक्ट जाऊन बघा, तिथल्या लोकांना विचारा ताबा किती उशिरा मिळाला, आणि आपला पैसा त्याच इमारतीच्या वेगळ्या खात्यात जातो का त्याच्या दुसऱ्या कामात फिरतो ते वकिलाकडून तपासून घ्या. सवलत दहा टक्के आणि उशीर तीन वर्षं, तर सवलत गेली कुठे?

पाहुण्यांना दिवसावर जागा देण्यात भाडं दुप्पट-तिप्पट दिसतं खरं, पण ते हॉटेल चालवणं आहे, आणि नियम एका रात्रीत बदलतात. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून इतकी कडक नोंदणी लावली की असल्या बहुतेक जाहिराती गायब झाल्या, बार्सिलोनाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटकांच्या दहा हजारांवर फ्लॅटचे परवाने बंद करायचं जाहीर केलंय. माझा साधा नियम, साध्या मासिक भाड्यावरही जी जागा तगेल तीच पाहुण्यांसाठी घ्यायची.

ऑफिस, दुकान, गोदाम यांची किंमत घरासारखी शेजारच्या सौद्यावरून नाही ठरत, निव्वळ उत्पन्न भागिले बाजाराला हवा असलेला परतावा असं ते गणित असतं. उत्पन्न ६ असेल आणि बाजार ५ टक्क्यांवर खूश असेल तर किंमत १२०, तोच बाजार ६ टक्के मागायला लागला की १००. भाडेकरू तोच, भाडं तेच, आणि सहावा हिस्सा गेला. व्याजदर वाढले की घरांच्या आधी ऑफिसवाले का रडायला लागतात ते यावरून कळेल. मोकळ्या जमिनीबद्दल एवढंच, ती भाडं देत नाही आणि कर घेते, त्यामुळे कर्ज काढून जमीन या भानगडीत मी पडत नाही.

ज्यांना हे सगळं वाचूनच थकवा आला त्यांच्यासाठी रीट, म्हणजे भाड्याच्या मालमत्ता धरणाऱ्या कंपन्यांचे शेअर, आहेतच. अमेरिकेत १९६० च्या कायद्याने हा प्रकार सुरू झाला, तिथे करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग भागधारकांना वाटावा लागतो, आणि शेअरसारखं एका दिवसात विकता येतं. किंमत रोज हलते म्हणून लोक घाबरतात. अहो, तुमच्या फ्लॅटची पण रोज हलते, फक्त कोणी येऊन सांगत नाही.

जागा बघायला जाल तेव्हा एकदा दिवसा, एकदा रात्री आणि जमलं तर भर पावसात जा. ओल पावसात दिसते, पार्किंगची मारामारी रात्री दिसते, आणि एजंट या दोन्ही वेळा टाळतो. नुकताच एका खोलीला एकाच भिंतीवर ताजा रंग दिसला की त्या भिंतीला हात लावून बघायचा. नळ सगळे एकदम उघडून बघा. वॉचमन, शेजारी, खाली दुकान असेल तर दुकानदार, यांना विचारा की इथे रिकाम्या जागा किती आणि किती दिवस, कारण जाहिरातीतलं भाडं म्हणजे मालकाची इच्छा असते, खरं भाडं करारावर आणि बँकेच्या नोंदीत असतं. आधीचा भाडेकरू असलेली जागा घेत असाल तर त्या नोंदी मागा, आढेवेढे घेतले तर समजून जा. मालकी, बोजा, जुने वारसदार, रस्त्याचा हक्क, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांचा मेळ, हे आपल्या वकिलाने बघायचं, विकणाऱ्याच्या किंवा बँकेच्या नाही. आणि विम्याचा दर खरेदीच्या आधी विचारून घ्या, पुराच्या किंवा वणव्याच्या भागात तो मिळतोच असं नाही, कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये स्टेट फार्म या विमा कंपनीने घरांच्या नव्या पॉलिसी देणंच थांबवलं होतं.

भाडेकरू निवडताना घाई नको. एक महिना रिकामी जागा म्हणजे वर्षाच्या भाड्याचा बारावा हिस्सा, चुकीचा भाडेकरू म्हणजे अख्खं वर्ष आणि वर कोर्ट. उत्पन्न भाड्याच्या तिप्पट असावं हा मापदंड बऱ्याच ठिकाणी वापरतात, ठीक आहे. पण सगळ्यात उपयोगी फोन आत्ताच्या घरमालकाला नाही, त्याच्या आधीच्याला करायचा, कारण आत्ताच्याला भाडेकरू घालवायचा असेल तर तो गुणच गाणार ना. चांगला माणूस मिळाला तर बाजारापेक्षा भाडं थोडं कमी ठेवून टिकवा, वर्षाला तीन-चार टक्क्यांसाठी त्याला पळवून महिनाभर जागा रिकामी ठेवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

भावाबरोबर, मित्राबरोबर भागीदारीत घेताय तर कोण किती घालणार यापेक्षा एकाला मध्येच पैसे हवे झाले तर काय, हे लिहून घ्या. भाव कोण ठरवणार, दुसऱ्याला किती महिन्यांची मुदत, त्याने नाही घेतलं तर बाहेर विकायचं का. कारण विकायची सक्ती दरवेळी बँकच करते असं नाही, भागीदाराच्या घरातलं लग्न किंवा घटस्फोटसुद्धा करतो.

विकायचं कधी, तर मी दरवर्षी एकदा आजच्या बाजारभावावर निव्वळ परतावा परत काढतो, घेतलेल्या भावावर नाही. दहा वर्षांपूर्वीच्या किमतीवर आठ टक्के मिळतायत म्हणून खूश असलेली जागा आजच्या किमतीवर दोन टक्के देत असेल, मग ते पैसे तिथे ठेवायचे का हा प्रश्न वेगळाच होतो. विकताना कर, दलाली आणि कर्ज मुदतीआधी फेडण्याचा दंड असेल तर तो वजा करूनच तुलना करा. आणि जागेत जी मोठी कामं केलीत, नवी खिडकी, नवीन वायरिंग, वाढीव खोली, त्यांची बिलं स्कॅन करून खरेदीखताच्या फाइलमध्येच ठेवा, अनेक देशांत असा खर्च खरेदी किमतीत मिळवता येतो आणि विक्रीवरच्या नफ्याचा कर तेवढा कमी होतो, पण बिल नसेल तर करवाले ऐकत नाहीत.